हात घडतो कसा?

कौशल्य रक्तात असते, असे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातील. १८९० च्या दशकात पुण्यातील गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी बांधणे असे काम ते तुटपुंज्या पगारावर करीत. पुढे सरावाच्या जाळीत साहेबांना चेंडू टाकण्याचे काम त्यांच्याकडे आले; फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. ग्रेगला बाद केले की दर वेळी आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले व हरले, हेही इतिहासात नमूद आहे. त्याने त्यांच्या कर्तृत्वाचे मोल कमी होत नाही.

त्या जाळीत घडले काय? सराव विपुल होता. पण केवळ पुनरावृत्तीने हात सुधारत नाही. प्रत्येक चेंडूचा निकाल त्याच क्षणी डोळ्यांसमोर येत होता: टप्पा कुठे पडला, फलंदाजाचा पाय पुढे आला की मागे गेला. हात आणि नजर अशी एकत्र शिकत होती. जिथे सराव मिळाला तिथे कौशल्य आले. जिथे संधीच नाकारली, तिथे ते यावे कसे?

१९३२ साली ट्रोब्रिज व केसन या मानसशास्त्रज्ञांनी डोळे बांधलेल्या व्यक्तींकडून तीन इंचांच्या रेघा काढून घेतल्या. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांच्यात सुधारणा झाली नाही. ज्यांना केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच कळले, ते काहीसे सुधारले. रेघ नेमकी किती लांब वा आखूड झाली हे ज्यांना सांगितले, ते सर्वांत पुढे गेले. ‘चूक’ हा निवाडा आहे. ‘एवढी लांब झाली’ ही वाट आहे. आपल्या कितीतरी मुलांच्या वाट्याला शाळांमधून निवाडेच आले, वाट क्वचितच.

मात्र दर वेळी सांगितले तर मूल सांगणाऱ्यावरच विसंबू लागते, हेही पुढील संशोधनातून दिसले. म्हणून आधी त्याला स्वतःची चूक ओळखू द्यावी, मग नेमका फरक सांगावा, आणि हळूहळू सांगणे कमी करावे. एकच कृती शंभरदा घोटण्यापेक्षा निरनिराळ्या कृती आलटून पालटून केल्यास सरावाच्या वेळी चुका अधिक होतात, पण शिकलेले अधिक काळ टिकते. ‘स्वतः या, पाहा, पारखून घ्या’ ही तथागतांची शिकवण येथेही लागू पडते.

वसतिगृहातील मुलाचे अक्षर, कबड्डीतील त्याची पकड, संगणकावरील त्याची बोटे रोज पाहायला आईवडील जवळ नसतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे: घाटकोपर, मुलुंड, बोरिवली जेथे असाल तेथून महिन्यातील एक रविवार आमच्या मैदानावर आणि अभ्यासिकेत द्या. देणगीचे स्वागत आहेच. पण मुलाला कुणीतरी शेजारी उभे राहून, प्रेमाने आणि नेमकेपणाने, ‘इथे एवढा फरक पडला’ असे सांगणारे हवे आहे.

जय भीम!