बरोबरीचा डाव

बुद्धिबळात बरोबरी म्हणजे दोघांचीही भीरुता, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. क्रीडामंडळातील दोघा खेळाडूंचा सामना शेवटास आला आहे, असे समजा. पांढऱ्याकडे राजा व एक प्यादे. काळ्याकडे केवळ राजा. मधल्या पट्टीतले ते प्यादे सातव्या घरात पोचले आहे. काळा राजा पुढचेच घर अडवून उभा आहे. पांढरा राजा प्याद्याच्या मागे, तिरप्या घरात आहे.

खेळी पांढऱ्याची असेल, तर राजा दूर जाताच प्यादे मारले जाते. थेट मागे आला, तर काळ्या राजाला शह नसतो, पण हलण्यास घरही नसते. दोन्ही वाटांनी बरोबरी! खेळी काळ्याची असती, तर मात्र घर सोडून त्याला हरावे लागले असते.

म्हणून मित्रहो, एक प्यादे कमी पडले, एवढ्यावरून डाव सोडू नये. हा अर्धा गुण धीराची कमाई असते.