पाव टनी लष्करी ट्रकचे तीन दांडे



आपल्या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म यांवर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते पुष्कळ येतात. मी कामगार संघटनेत वावरणारा माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण पान्यापकडीच्या संगतीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून विषयही तसाच निवडला आहे : जुन्या लष्करी गाडीचे गिअरचे दांडे पुन्हा कामास कसे लावावेत. विषय किरकोळ वाटेल. परंतु यंत्राची सारी ताकद माणसाच्या स्वाधीन होते ती या दांड्याच्या मुठीत. मूठ सैल झाली की ताकद यंत्राची राहते आणि जीव मात्र माणसाचा जातो.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. जिला आपण जीप म्हणतो तिचे अमेरिकन लष्करी दप्तरातील नाव ‘पाव टनी ट्रक’ असे होते. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून अशा सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर नको असलेल्या लष्करी गाड्या विक्रीस निघाल्या आणि ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द आपल्या बोलीत रूढ झाला. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडण्यास प्रारंभ केला. त्यामुळे महाराष्ट्रातील मिस्त्रीला हे यंत्र परके राहिले नाही. उत्तरेस सातपुड्याची चढण आणि दक्षिणेस काळ्या मातीचा चिखल, यांच्यामध्ये वसलेल्या आपल्या केळीच्या मुलुखात चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचे मोल निराळे सांगावयास नको.

या गाडीत जमिनीतून वर आलेले तीन दांडे असतात. पहिला मुख्य गिअरचा. त्याचे पुढे जाण्याचे तीन गिअर आणि मागे जाण्याचा एक. दुसरा दांडा पुढची चाके जोडतो वा सोडतो. तिसरा ‘हाय’ आणि ‘लो’ यांची निवड करतो. हे कशासाठी, ते हिशेबाने पाहू. पहिल्या गिअरचे प्रमाण २.६६५ आणि आसाचे ४.८८. दोन्हींचा गुणाकार १३. म्हणजे घर्षणाची घट सोडली, तर इंजिनाचा फिरविण्याचा जोर आसापाशी १३ पट होतो. ‘लो’ टाकला की त्याला आणखी १.९७ ने गुणावयाचे. जोर २५ पटींच्या वर जातो. वेग मात्र त्याच प्रमाणात निम्मा होतो. निसर्ग कोणालाही फुकट काही देत नाही. जोर हवा तर वेग सोडावा लागतो.

आता यात एक शहाणपणाची योजना आहे. एवढा जोर एकट्या मागच्या आसावर पडला तर तो तुटण्याची भीती. म्हणून दोन दांड्यांच्या सळयांमध्ये एक लहानसा अडसर बसविलेला असतो. पुढची चाके जोडल्यावाचून ‘लो’ पडतच नाही. पुष्कळ ठिकाणी हा अडसर ‘कटकट’ म्हणून काढून टाकलेला आढळतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. परीक्षा सोपी आहे. गाडी उभी करून पुढची चाके सोडलेल्या स्थितीत ठेवावी आणि ‘लो’ टाकून पाहावे. दांडा गेला, तर अडसर नाहीसा झाला आहे असे समजावे. जुनी गाडी घेणाऱ्याने रंगापूर्वी ही परीक्षा करावी.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे पुढच्या चाकांचा दांडा अडकून बसतो. लोक त्याला लाथ मारतात, हातोडी मारतात, आणि दांडा वाकतो. खरे कारण दांड्यात नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट चालतात. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक मिटतो. पक्क्या सडकेवर तो मिटत नाही, आणि सारे दांतेरे एकमेकांविरुद्ध पिळले जातात. गाडी चार हात सरळ मागे घ्यावी. पीळ उतरला की दांडा बोटाने सुटतो. पक्क्या सडकेवर पुढची चाके जोडूच नयेत, हा त्यावरचा कायमचा उपाय.

तिसरी तक्रार सर्वांत घातकी : गिअर उडतो. उतारावर गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन तिला आवरून धरते. गिअर उडाला की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. गिअर जागेवर राहतो तो सळईच्या खाचेत स्प्रिंगने दाबलेल्या गोटीमुळे. स्प्रिंग मेली, खाच झिजली, फोर्क वाकला, दात निमुळते झाले किंवा बेअरिंग ढिले झाले, यांपैकी काहीही कारण असू शकते. दांडा हाताने धरून ठेवणे हा उपाय नव्हे.

दुरुस्तीचा क्रम असा असावा. खोलण्यापूर्वी प्रत्येक दांड्याच्या जागेचे चित्र काढावे. गंजलेल्या खिळींना तेल पाजून रात्रभर ठेवावे. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून वरचे झाकण उचलावे. मग तीन ठिकाणे तपासावीत : दांडा ज्या गोळ्यावर डुलतो तो गोळा, त्याखालची स्प्रिंग, आणि सळईच्या खोबणीत शिरणारे दांड्याचे खालचे टोक. टोक झिजले असेल तर वेल्डिंगने भर घालून कानशीने खोबणीच्या मापाचे करता येते. पण माप खोबणीचे घ्यावे, अंदाजाचे नव्हे. ‘हाय-लो’चे दोन दांडे एकाच खिळीवर फिरतात, ती खिळ ग्रीसवाचून झिजली की दोघांची खडखड सुरू होते. आणि सर्वांआधी क्लच पाहावा. पायट्याला पाऊण इंचाच्या आसपास मोकळा खेळ हवा. खेळ फाजील असला तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर खरखरतो आणि दोष निरपराध दांड्यावर येतो.

हातब्रेकचेही तसेच. तो चाकांवर नसून मागे जाणाऱ्या दांडीवर, गिअरपेटीच्या मागे असतो. तेथले सील गळाले की अस्तर तेलाने भिजते. मग तार कितीही ओढा, गाडी थांबत नाही. सील बदलावे लागते.

येथे संघटनेचा माणूस म्हणून एक इशारा देतो. जुन्या क्लच-ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षानुवर्षांनी प्राणघातक रोग निर्माण करते. ती हवेच्या नळीने उडवू नये, कोरडी झाडू नये. ओली करून पुसावी, तोंडाला धुळीसाठी योग्य मुखवटा बांधावा. शिकाऊ पोराला तर त्या कामाला लावूच नये. मालकाला गाडी प्रिय असते, तशी पोराची छाती त्याच्या आईला प्रिय असते.

आज अशा गाड्यांना मान आला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांची ‘व्हीए’ या अक्षरांखाली निराळी नोंदणी सुरू केली. चांगली गोष्ट. पण मूळ स्वरूप म्हणजे दांड्यांना चकाकी चढविणे नव्हे. युद्धातल्या गाडीचे दांडे साधे हिरव्या रंगाचे होते. मूळ स्वरूप म्हणजे गोटी, स्प्रिंग, अडसर आपापल्या जागी असणे. रंगाचे पैसे लोक खुशीने देतात, कारण रंग दिसतो. आतला अडसर बसविणाऱ्या फिटरशी मात्र घासाघीस करतात.

भुसावळ, वरणगाव, जळगाव या पट्ट्यात रेल्वेने आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांनी फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या पिढ्या घडविल्या. त्यांचे ज्ञान पुस्तकात फारसे उतरले नाही. ते हातात आहे, आणि हात म्हातारे होत आहेत. म्हणून माझी सूचना साधी आहे. जुनी गाडी दुरुस्त करविणाऱ्याने एक वही ठेवावी. कोणता भाग काढला, कोणत्या मापाचा बसविला, आणि तो कोणी बसविला, हे नावानिशी लिहावे. त्या वहीने पुढच्या मिस्त्रीचे आठ दिवस वाचतील, उतारावर कोणाचा तरी जीव वाचेल, आणि ज्याच्या हाताने गाडी चालती झाली त्याचे नाव गाडीबरोबर चालत राहील.