इमारतीची खतावणी



रुग्णालयाच्या विस्तारित इमारतीच्या अंदाजपत्रकात यंदा 'संगणकीय प्रतिकृती' ही एक नवी बाब आपणांस आढळेल. तेवढ्या रकमेत दोन खाटा वाढविता आल्या नसत्या काय, अशी पृच्छा काही हितचिंतकांनी आमच्याकडे केली. प्रश्न रास्त आहे. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्य असल्याने त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

दि. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या दिवशी आपल्या श्रीवर्धन तालुक्याने काय सोसले, हे दिघीकरांना वेगळे सांगावयास नको. छपरातून शिरलेले पाणी आमच्या एका कक्षाच्या भिंतीतील वायरिंगपर्यंत पोहोचले. जनरेटरवरून येणारा तेवढ्याच भागाचा पुरवठा तोडावयाचा होता. परंतु तो कोठून तोडावा, हे उपस्थितांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. मूळ नकाशे कपाटात होते. पण बांधकाम चालू असताना झालेले फेरफार त्यांवर कधी चढलेच नव्हते. दूरध्वनी बंद. अखेर आमचा एक कर्मचारी आडव्या पडलेल्या सुपारीच्या झाडांवरून वाट काढीत सेवानिवृत्त वायरमनकाकांच्या घरी गेला व त्यांना घेऊन आला. त्यांनी भिंतीवर हात ठेवून नेमकी जागा दाखविली. रुग्ण सुखरूप राहिले. मात्र इमारतीचा सारा हिशेब एका वृद्ध गृहस्थांच्या स्मरणावर चालला होता, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला खतावणीचे महत्त्व सांगावे लागत नाही. प्रत्येक खात्याचे स्वतंत्र पान, त्यावर आजवरची प्रत्येक नोंद. इमारतीची अशी खतावणी म्हणजेच ही संगणकीय प्रतिकृती. इंग्रजीत यास 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग', संक्षेपाने 'बिम' असे म्हणतात. साध्या नकाशात दरवाजा म्हणजे दोन रेघा असतात. प्रतिकृतीत त्याच दरवाज्याची रुंदी, तो कशाचा बनला आहे, आग किती वेळ रोखू शकतो, केव्हा बसविला, अशी सर्व माहिती त्याच्याशी जोडलेली असते. स्ट्रेचर वळेल एवढी जागा आहे की नाही, हे वीट रचण्यापूर्वीच पाहता येते. प्राणवायूची नळी, विजेचे केबल आणि सांडपाण्याचा पाइप एकाच जागेतून नेण्याची चूक झाली असल्यास संगणक ती दाखवून देतो. पडद्यावरची चूक खोडता येते. काँक्रीटमधील चूक फोडावी लागते.

आपल्याच राज्यात याचे मोठे उदाहरण आहे. नागपूर मेट्रोच्या उभारणीत 'पंचमितीय बिम' वापरण्यात आले. लांबी, रुंदी व उंची या तीन मितींना कालावधी आणि खर्च या आणखी दोन जोडल्या गेल्या. म्हणजे एखादा खांब कोठे, केव्हा आणि किती खर्चात उभा राहावयाचा, हे एकाच ठिकाणी पाहता येते. त्या मेट्रोची पहिली सेवा मार्च २०१९ मध्ये सुरू झाली.

बांधकाम संपले तरी प्रतिकृतीचे काम संपत नाही. पाण्याची टाकी, जनरेटरचे डिझेल, प्राणवायूच्या नळीतील दाब यांवर संवेदक बसवून त्यांचे आकडे प्रतिकृतीशी जोडले, की इमारत 'स्मार्ट' होऊ लागते. दाब घटल्यास केवळ घंटा न वाजता कोणत्या मजल्यावरील कोणता व्हॉल्व्ह पाहावा, हेही पडद्यावर दिसते. छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे सप्टेंबर २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या 'ऑरिक हॉल'मध्ये नव्या औद्योगिक नगरीच्या सेवांवर एका जागेवरून देखरेख ठेवणारे केंद्र आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या १२ औद्योगिक नगरींमध्ये आपल्या दिघीचाही समावेश आहे. तेव्हा हे विषय आता आपल्या दाराशी आले आहेत.

आमच्यासारख्या रुग्णालयास त्याची निकड अधिक आहे. दि. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत १० बालकांचा अंत झाला. त्या वार्तेने रुग्णालय चालविणाऱ्या प्रत्येकाची झोप उडाली. त्यातच आपल्या खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते. यंत्र बिघडल्यास तंत्रज्ञ माणगावहून वा मुंबईहून यावयाचा. कोणता सुटा भाग हवा, हे आधीच अचूक कळविता आले तर त्याची एक फेरी आणि रुग्णाचा एक दिवस वाचतो.

मर्यादाही प्रांजळपणे नमूद करतो. जुन्या जांभ्या दगडाच्या इमारतीची मापे लेसर यंत्राने घेता येतील, पण भिंतीच्या आत काय आहे ते लेसरला दिसत नाही. त्यासाठी वायरमनकाकांना सन्मानपूर्वक पाचारण करून त्यांच्या सांगण्यावरून नोंदी घेण्याचे ठरले आहे. तसेच ज्या खतावणीत रोजच्या नोंदी चढत नाहीत, ती दिशाभूल करते. म्हणून एक नळ बदलला तरी त्याच दिवशी नोंद व छायाचित्र, असा नियम आम्ही केला आहे. प्रतिकृती एकाच विक्रेत्याच्या संगणक प्रणालीत अडकू नये, यासाठी ती 'आयएफसी' या खुल्या आंतरराष्ट्रीय स्वरूपातही रुग्णालयाच्या ताब्यात द्यावी, अशी अट करारात घातली आहे.

खाटेवर देणगीदाराचे नाव लिहिता येते. या कामावर ते लिहिण्याजोगी जागा नाही. तरीही पुढील वादळात रात्री दोन वाजता, ड्यूटीवरील नवख्या कर्मचाऱ्यास योग्य स्विच सापडेल, तेव्हा आपल्या देणगीचे सार्थक झाले असे आम्ही मानू.