भांगेतली तुळस, वेरूळच्या भिंतीत

कसोल-मनाली करून आलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी नग असा असतो, जो सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडता उघडता तीच स्टोरी सांगतो. ‘बॉस, तिकडे रस्त्याच्या कडेला उगवतं! आपल्याकडे गाजरगवत उगवतं ना, तसं!’ मग मोबाइल हातोहात फिरतो, बोटांसारखी फाकलेली हिरवी पानं सगळे बघून घेतात आणि कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, ‘आपल्याकडे येईल का रे हे? एवढ्या उन्हात?’

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मी तीनदा ऐकला. एकदा चिकलठाणा एमआयडीसीत, एकदा निराला बाजारात, आणि तिसऱ्यांदा एका आर्किटेक्ट मैत्रिणीकडून. पहिल्या दोघांचं कारण तुम्ही ओळखलंच असेल. मैत्रिणीचं कारण वेगळं होतं, तिच्याकडे नंतर येऊ. आधी उत्तर देऊन टाकते. येईल काय, आलंच होतं! इतकं आलं होतं, की आपल्या भागातल्या कारागिरांनी ते लेण्यांच्या भिंतींना थापलं.

ही चहाच्या टपरीवरची थाप नाही. मार्च २०१६ च्या ‘करंट सायन्स’ या शोधपत्रिकेत वेरूळच्या गिलाव्यावरचा एक पेपर छापून आला. लेखक दोन : भारतीय पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेत काम केलेले राजदेव सिंग आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले एम. एम. सरदेसाई. वेरूळच्या बारा नंबरच्या लेण्यातल्या, म्हणजे त्या तीनमजली बौद्ध विहारातल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवले. त्यात वनस्पतीचे जे तुकडे दिसले, ते ताज्या भांगेच्या झाडाशी ताडून पाहिले. आणि ही ताजी झाडं आणली कुठून? काही दिल्लीच्या बाहेरून आणि काही आपल्या शेजारच्या जालन्याहून! हिमालयातूनच आणायला हवीत असं काही नव्हतं. नमुने जुळले. गिलाव्यात भांगेचं प्रमाण साधारण १० टक्के निघालं. पुढे दौलताबादच्या किल्ल्यातल्या, म्हणजे यादवांच्या देवगिरीतल्या गिलाव्यातही ती सापडली.

आता यातला खरा फंडा ऐका. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही. तिथे मातीत भाताचा तूस, गवत, असं काय काय कालवलेलं आहे, आणि त्यावर किड्यांनी चांगलाच ताव मारलाय. अजिंठ्याची किमान २५ टक्के चित्रं किड्यांमुळे खराब झाली, असा या संशोधकांचा अंदाज आहे. वेरूळला तसा उपद्रव दिसत नाही. भांगेचा वाख कीड सहसा खात नाही, तो हवेतला दमटपणा शोषतो आणि परत सोडतो, त्यामुळे भिंत श्वास घेत राहते. दर पावसाळ्यात खडकातून पाझरणारं पाणी आणि क्षार झेलूनही हा गिलावा हजार वर्षांहून जास्त टिकला. आपल्या सिडकोतल्या फ्लॅटच्या भिंतीला दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे येतात, हे सहज आठवलं म्हणून सांगितलं.

म्हणजे ज्यानं कुणी हा गिलावा कालवला, त्यानं हाताला लागलं ते गवत मातीत टाकलं नव्हतं. त्यानं झाड निवडलं होतं. कारण वाखाला मराठवाड्यात तोटा नव्हताच. अंबाडी होती, ताग होता. पोळ्याला बैलांसाठी नवी दावी, कासरे आणि वेसणी लागायच्या, त्या याच वाखाच्या वळायचे. गावाकडच्या आजोबांना विचारा. गंमत म्हणजे अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस कॅनाबिनस’. नावातच कॅनाबिस! पानंही दुरून डिट्टो भांगेसारखी. इंग्रजांनी तिला ‘डेक्कन हेम्प’ म्हणून टाकलं. नशेशी तिचा संबंध शून्य. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी खाऊन कुणी हवेत तरंगल्याचं ऐकिवात नाही. तर अंबाडी आणि ताग हाताशी असताना त्या कारागिराचा हात भांगेकडे गेला. का, ते त्यानं कुठे लिहून ठेवलेलं नाही. भिंत मात्र उभी आहे.

झाड रात्र मोजतं

‘आपल्याकडे येईल का’ या प्रश्नातच एक घोळ आहे. आपण ‘भांग’ असं एकच नाव घेतो. प्रत्यक्षात झाडाची जात एक, पण वाण शेकडो, आणि कुठला वाण कुठे जगेल हे उन्हापेक्षा जास्त रात्रीवर ठरतं. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो तोवर हे झाड फक्त वाढतं. रात्री लांबायला लागल्या की त्याला कळतं, सीझन संपत आला, आता फुलायला हवं.

आता थंड उत्तरेकडे चला. फिनलंडच्या मध्यात जूनमधला दिवस वीस तासांच्या आसपास असतो. तिथे दक्षिणेकडचा वाण लावला तर तो उन्हाळाभर नुसता पानं काढत बसतो. रात्र पुरेशी लांब होऊन त्याला फुलायची आठवण येते, तेव्हा थंडी, पाऊस आणि दव दारात उभं असतं. फुलाला बुरशी लागते, नाहीतर हिमाच्या एका रात्रीत सगळं काळं पडतं. म्हणून तिकडचे लोक वाण निवडताना पहिला प्रश्न विचारतात तो ‘उरकतो कधी?’ हा. किती उंच होतो, किती देतो, हे सगळं नंतर. फिनलंडमध्ये रशियाकडच्या बियाण्यातून ‘फिनोला’ नावाचा बुटका, झटपट पिकणारा वाण तयार झाला, तो बियांच्या तेलासाठी. निसर्गानंही हीच आयडिया आधी वापरली होती. १९२४ मध्ये यानिशेव्स्की या रशियन वनस्पतितज्ज्ञानं ‘रुडेरालिस’ची नोंद केली. हे रानटी झाड दिवस-रात्रीचा हिशेबच ठेवत नाही. ठरावीक वय झालं की फुलून मोकळं. आपल्याकडे वय झालं की घरचे लग्नाचं बघतात ना, तसंच.

हेच फिनलंडचं बी आपल्या शहरात आणलं तर? आपण विषुववृत्तापासून फक्त वीस अंशांवर. आपला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, हिवाळ्यातला सगळ्यात छोटा अकराच्या आसपास. उत्तरेकडच्या झाडाला आपला जूनसुद्धा सप्टेंबर वाटणार. ते गुडघ्याएवढं होतं न होतं तोच फुलणार, आणि उंची नाही म्हणजे वाख नाही. ज्या झाडाच्या देठातून दोर आणि गिलावा निघतो ते माणसापेक्षा उंच वाढावं लागतं. थोडक्यात काय, बी इंटरनेटवर मिळेल, पण अक्षांश कुरिअरनं येत नाहीत.

०.३ ची भानगड

रात्रीनंतर दुसरी अट येते कायद्याची. झाडाचा कैफ ज्या रसायनात असतो त्याला टीएचसी म्हणतात. जगभर बऱ्याच ठिकाणी टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत असेल तर ते ‘हेम्प’, म्हणजे औद्योगिक भांग, आणि त्याच्या वर गेलं तर अमली पदार्थ. हा आकडा आला अर्नेस्ट स्मॉल या कॅनडातल्या वनस्पतितज्ज्ञाकडून. १९७० च्या दशकात वर्गीकरणाच्या सोयीसाठी त्यानं ही रेघ ओढली. नशा कुठे सुरू होते हे सांगण्याचा त्याचा दावा नव्हता. पुढे सरकारांनी तीच रेघ उचलून कायद्यात टाकली.

आपल्या देशात उत्तराखंडनं २०१८ मध्ये याच रेघेच्या आत राहून हेम्पच्या व्यावसायिक लागवडीला लायसन्स द्यायला सुरुवात केली. पहिलं राज्य तेच. तिथे हे झाड परकं नाहीच. कुमाऊँमध्ये भांगेच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते (बियांत नशा नसते, उगाच प्लॅन करू नका), आणि गढवालमध्ये पूर्वी भांगेच्या वाखाचं ‘भंगेला’ नावाचं जाडंभरडं कापड विणायचे. पण गाडी अडली ती बियाण्यावर. डोंगरातलं स्थानिक बी तिथल्या थंडीत झकास येतं, तिथली रात्र त्याला पाठ असते. फक्त त्याचं टीएचसी ०.३ च्या आत राहीलच असं नाही, बऱ्याचदा राहत नाहीच. बाहेरून आणलेलं कमी टीएचसीचं बी कायद्यात बसतं, पण डोंगरात रुळेलच असं नाही. त्यात या झाडाचे परागकण वाऱ्यावर दूरदूर जातात. शेजारच्या ओढ्याकाठी रानटी भांग असेल तर तुमच्या ‘शुद्ध’ शेतातलं पुढच्या वर्षीचं बी बिघडलंच म्हणून समजा. मध्येच टीएचसी वाढलं तर उभं पीक नष्ट करायची पाळी. शेतकऱ्यानं हा जुगार का खेळावा, सांगा!

हिमाचलनं जरा थांबून विचार केलेला दिसतो. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं पालमपूर आणि नौणी इथल्या दोन कृषी विद्यापीठांना नियंत्रित लागवडीचा पायलट अभ्यास करायला सांगितलं. म्हणजे आधी वाण, मग लायसन्स. मला हा क्रम जास्त पटतो.

आणि आपल्याकडे? १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बाल्कनीतलं एक झाडसुद्धा लागवडच, त्यामुळे कँटीनमधल्या मित्रांनी कुंडीत कढीपत्ता लावावा हे बरं. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमात वाख, बी किंवा बागकामासाठी सरकारनं परवानगी द्यायची वाट ठेवली आहे. उत्तराखंड तिथूनच आत शिरलं. महाराष्ट्रानं लायसन्सचं तसं धोरण आणलेलं नाही. पण कायम असंच होतं असं समजू नका. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारनं नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशननं देशभर फिरून हजारावर साक्षी घेतल्या, तेव्हा मुंबई इलाख्यात सरकारी देखरेखीखाली या झाडाची शेती होत होती. त्यात आपला शेजारी अहमदनगर जिल्हाही होता, म्हणजे आजचं अहिल्यानगर.

आता मैत्रीण. तिला जुन्या शहरातला एक वाडा दुरुस्त करायचाय. चुन्याचा गिलावा हवा, सिमेंट नको, कारण सिमेंट जुन्या भिंतीतला ओलावा आत कोंडून ठेवतं. तिनं हेम्पक्रीटबद्दल वाचलं होतं. भांगेच्या देठातला लाकडी गाभा बारीक करून चुना आणि पाण्यात कालवायचा. हलका असतो, भिंत उन्हाळ्यात आत गार राहते, वाळवी फिरकत नाही. उत्तराखंडात पौडी गढवालच्या यमकेश्वर भागात असं घर उभं राहिलेलं आहे. तिनं माल कुठे मिळेल याची चौकशी केली, तर सगळे रस्ते उत्तराखंडकडेच गेले. ट्रकभाडं ऐकून घरमालकांनी हात जोडले. ‘वेरूळ आपल्यापासून तीस किलोमीटर,’ ती वैतागून म्हणाली, ‘आणि तोच गिलावा करायचा तर माल हिमालयातून मागवायचा?’ वाडा अजून तसाच आहे. सध्या ती अंबाडीचा वाख चुन्यात घालून छोटे छोटे चौकोन करून बघतेय. पहिल्या दोनांना तडे गेले, तिसरा टिकलाय. पावसाळ्यानंतर कळेल म्हणते.

तिचा प्रश्न आर्किटेक्टचा. शेतकऱ्याचा प्रश्न पोटाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या; १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून १६ तारखेपासून लावेन. बातमी देशभर गाजली, आपण सगळ्यांनी फॉरवर्ड करून हसून घेतलं. प्रशासनानं अर्ज पोलिसांकडे धाडला आणि पोलिसांनी त्याला पब्लिसिटी स्टंट ठरवलं.

मला त्या अर्जात एक गोष्ट खटकते. त्यानं गांजा मागितला. वाख किंवा बी मागितलं असतं तर निदान १४ व्या कलमाकडे बोट दाखवता आलं असतं. पण मागणार कुठल्या वाणाचं? वीस अंशांवर उंच वाढेल, मराठवाड्याच्या नाहीतर सोलापूरच्या उन्हात तगेल आणि ०.३ च्या आत राहील असं खात्रीचं बी त्याला कोणत्या कृषी सेवा केंद्रात मिळणार होतं? जालन्याची ती रानटी झाडं मायक्रोस्कोपखाली जाऊन आली, त्यांचं टीएचसी मोजायला हरकत काय आहे? परभणीला आपलं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. हिमाचलनं दोन विद्यापीठांना सांगितलं, आपल्याला एक पुरेल.