कपाळावरच्या आठ्या काय सांगतात?

सकाळी दात घासून तिने चूळ भरली आणि पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळून हनुवटीवर आले. आरशात पाहिले, तर तोंड डावीकडे ओढलेले. उजवा डोळा मिटता मिटत नव्हता. "अहो, जरा बघता का?" तिने हाक मारली, पण 'बघता'मधला 'ब' फुसकाच निघाला. थोड्याच वेळात घरभर एकच शब्द फिरू लागला, लकवा. "रात्रभर पंख्याखाली झोपलीस, हवा लागली असेल. गरम तेलाने चोळ, दोन दिवसांत उतरेल," असा शेजारचा सल्लाही आला.

चाळिशीतल्या एका शिक्षिकेची अशी सकाळ कोणत्याही घरात उजाडू शकते. अशा वेळी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो तो बिघाड नेमका कुठे आहे हा. तो मेंदूत आहे, की मेंदूतून चेहऱ्याकडे येणाऱ्या नसेत? मेंदूत असेल, तर उपचारासाठी हातात मोजके तास असतात. नसेत असेल, तर साधारण तीन दिवस. या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा डॉक्टरांना रुग्णाच्या कपाळावर सापडतो.

बारा जोड्या, बारा खाती

नस म्हटले की अनेकांना रक्तवाहिनी आठवते. इथे नस म्हणजे संदेश वाहून नेणारा मज्जातंतू. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या नसा हातापायांचा आणि धडाचा कारभार पाहतात. डोके आणि चेहऱ्याचा कारभार मात्र थेट मेंदूला जोडलेल्या नसांच्या बारा जोड्यांकडे असतो. डॉक्टर त्यांना 'क्रेनियल नर्व्हज' म्हणतात. प्राचीन वैद्य गेलेन याने त्यांच्या सात जोड्या मोजल्या होत्या. आज मानली जाणारी बारा जोड्यांची मांडणी जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ झ्योमरिंग याने १७७८ मध्ये केली.

प्रत्येक जोडीचे खाते ठरलेले आहे. पहिली वासाची, दुसरी दृष्टीची. तिसरी, चौथी आणि सहावी मिळून डोळे फिरवतात. पाचवी चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळवते, शिवाय घास चावायला लावते. सातवी चेहऱ्यावरचे हावभाव घडवते. आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. नववी आणि दहावी गिळणे व आवाज पाहतात. त्यातली दहावी तर हृदय आणि पोटापर्यंत जाते. अकरावी मान वळवते आणि खांदे उचलते, बारावी जीभ हलवते. 'माझ्या बोटाकडे पाहा', 'दात दाखवा', 'जीभ बाहेर काढा' अशा डॉक्टरांच्या साध्या सूचना म्हणजे या खात्यांची एकेक करून तपासणीच असते.

अरुंद बोगद्यातली सातवी नस

या बारांमध्ये सातव्या नसेची वाट सर्वांत अडचणीची. मेंदूच्या देठातून निघाल्यावर ती कानामागच्या हाडातील सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या वळणदार बोगद्यातून जाते. हा बोगदा काही ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतो. कानाच्या पाळीखालून बाहेर पडल्यावर ती गालातल्या लाळग्रंथीत शिरते. तिथे तिला पाच मुख्य फांद्या फुटतात आणि त्या कपाळापासून मानेपर्यंत पसरतात.

नसेला सूज आली, की या बोगद्यात तिला फुगायला जागाच उरत नाही. ती आवळली जाते आणि संदेश अडतात. चेहऱ्याची एक बाजू काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत लुळी पडते. हाच 'बेल्स पाल्सी' नावाचा आजार. स्कॉटिश शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसांवरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. त्यांचे नाव या आजाराला मिळाले. दरवर्षी लाखामागे साधारण २० ते ३० जणांना तो होतो. मधुमेहींना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याचा धोका जास्त असतो. शरीरात दबून राहिलेला हर्पिस विषाणू पुन्हा जागा झाल्याने सूज येत असावी, असे मानले जाते.

हीच नस जिभेच्या पुढच्या भागाची चव नेते, अश्रू आणि लाळ पाझरवते आणि कानातला एक चिमुकला स्नायू ताणून मोठे आवाज सौम्य करते. त्यामुळे काही रुग्णांना आमटी बेचव लागते, तर काहींना कुकरची शिट्टी एका कानात असह्य होते.

कपाळाला दोन धनी

आता कपाळाकडे वळू. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू हलवतो आणि उजवा भाग डावी. चेहऱ्याच्या खालच्या भागालाही हाच नियम लागू आहे. कपाळाचे मात्र तसे नाही. त्याच्या प्रत्येक बाजूला मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांकडून हुकूम येतात.

म्हणून पक्षाघातात मेंदूचा एक भाग बंद पडला, तरी दुसरा भाग कपाळ सांभाळून घेतो. तोंड वाकडे होते, पण भुवया वर केल्या की आठ्या दोन्ही बाजूंना उमटतात. नसच आवळली गेली असेल, तर दोन्हीकडचे हुकूम वाटेतच अडतात. मग त्या बाजूचे कपाळ सपाट राहते, भुवई हलत नाही आणि डोळाही मिटत नाही.

पण ही खूण वाचण्याचे काम डॉक्टरांचे. घरी आरशासमोर निदान करण्यात धोका आहे, कारण मेंदूच्या देठातल्या पक्षाघातात कधी कधी कपाळही लुळे पडते. चेहरा अचानक वाकडा झाला, तर वेळ पाहून ठेवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. सोबत हातापायातली ताकद गेली, बोलणे अडखळले, एकाऐवजी दोन दिसू लागले किंवा तोल गेला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताच्या गुठळीमुळे आलेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

७२ तासांचे मोल

बेल्स पाल्सी झालेल्यांपैकी बहुतेक जण औषधाविनाही बरे होतात. म्हणूनच तेल, लेप आणि 'उतारा' यांना यशाचे श्रेय मिळत राहते. पण काहींचा चेहरा कायमचा वाकडा राहतो, आणि सुरुवातीच्या उपचाराने ही शक्यता कमी होते. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ८२ टक्के होते. हे औषध रक्तातली साखर वाढवते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

तितकीच काळजी डोळ्याची. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर जाताना चष्मा, रात्री मलम आणि पापणी मिटवून हळुवार लावलेली चिकटपट्टी, एवढ्याने दृष्टी वाचते.

प्रत्येक वाकडा चेहरा बेल्स पाल्सीचा नसतो. कानात पुरळ आणि ठणका असेल, तर ती नागीण असू शकते. कान वाहत असेल, कानासमोर गाठ लागत असेल किंवा लुळेपणा आठवड्यांगणिक हळूहळू वाढत असेल, तर कारण वेगळे शोधावे लागते. तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तरी पुन्हा तपासणी हवी.

त्या शिक्षिकेच्या घरी तेलाची बाटली उघडली गेली नाही. दोघे तडक रुग्णालयात गेले. "भुवया वर करा," डॉक्टर म्हणाले. कपाळावर डावीकडे तीन आठ्या उमटल्या, उजवीकडे एकही नाही. हातपाय, बोलणे, डोळ्यांची हालचाल आणि कान तपासून झाल्यावर औषध त्याच दुपारी सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात उजवी भुवई किंचित हलली. पुढे एका सकाळी चूळ भरून ती आरशासमोरून मागे वळली आणि म्हणाली, "अहो, बघता का?" या वेळी 'ब' खणखणीत उमटला.