दाढ काढली, पण हाडाचे काय?

"डॉक्टर, दाढ काढा म्हणजे सुटलो!" असे म्हणणारे रुग्ण रोज भेटतात. दोन वर्षांपूर्वी असेच सुटलेले एक गुरुजी परवा पक्का दात बसवायला आले. तपासून मीच गप्प झालो. स्क्रू रोवायला पुरेसे हाडच उरले नव्हते. चूक माझीही होती. दाढ काढताना मी त्यांना याची कल्पनाच दिली नव्हती.

वाचकहो, दात गेला की त्याला धरणारे हाड झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि बरीचशी झीज पहिल्या ३ महिन्यांतच होते. दात काढतानाच त्या खड्ड्यात हाडाचे बारीक कण भरले, तर झीज कमी होते. पूर्ण थांबत मात्र नाही. हे कण रुग्णाच्या स्वतःच्या, दात्याच्या किंवा गाईगुरांच्या प्रक्रिया केलेल्या हाडाचे, अथवा कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम असतात. ते कशाचे आहेत, हे निःसंकोच विचारा. नंतर साधारण ४ ते ६ महिने थांबावे लागते. तंबाखू सोडावी, मधुमेह आटोक्यात ठेवावा. नाहीतर जखम नीट भरत नाही.

प्रत्येकाला याची गरज नसते. पण दाढ काढण्यापूर्वी एवढे जरूर विचारा, "पुढे इथे काय बसवायचे?"