सातासमुद्रापारची जुनी पुस्तके

जाझच्या जुन्या तबकडीवर नेमके काय लिहिलेले असते? धूनचे नाव, बँडच्या म्होरक्याचे नाव, कंपनीचे बोधचिन्ह आणि एक क्रमांक. बस्स. ट्रम्पेट कोणी वाजवला, पियानोवर कोण बसले होते, ध्वनिमुद्रण कोणत्या शहरात, कोणत्या तारखेला झाले, यांपैकी एकही गोष्ट त्या गोल कागदावर सापडत नाही. आपल्याकडच्या सुरुवातीच्या तबकड्यांत निदान गायिका शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगून मोकळी होत असे. जाझवाल्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

मग ऐकणाऱ्याला कळणार कसे? त्यासाठी काही वेड्या माणसांनी आयुष्य खर्ची घातले. चार्ल्स देलोने हा फ्रेंच तरुण त्यांतला एक. आईवडील दोघेही नामवंत चित्रकार, पण पोराला नाद लागला तबकड्यांचा. १९३६ साली त्याने पॅरिसमध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ काढली. कोणत्या तबकडीत कोण वाजवतो याची ती जंत्री होती. पुढे इंग्लंडमध्ये बीबीसीच्या तबकड्यांच्या ग्रंथालयात काम केलेल्या ब्रायन रस्ट यांनी जुन्या जाझ तबकड्यांचा कोश तयार केला. त्याची व्याप्ती १८९७ ते १९४२. डेन्मार्कच्या येप्सेन यांनी १९४२ च्या पुढचा भाग अनेक खंडांत उचलून धरला आणि १९९२ पासून कॅनडाचे टॉम लॉर्ड यांचे खंड येऊ लागले. या सगळ्या पुस्तकांत वाचण्यासारखे एकही वाक्य नसते. असतात त्या फक्त नावांच्या, वाद्यांच्या, तारखांच्या आणि क्रमांकांच्या रांगा. रेल्वेचे वेळापत्रक ज्याला रसाळ वाटते, त्याच्यासाठीच ही पुस्तके आहेत.

रायपूरला कशाला हवा जाझ?

हा प्रश्न रायपूरच्या मराठी घरात हमखास विचारला जातो. भोसल्यांच्या काळापासून नागपूरशी जोडलेल्या या शहरात मराठी माणसाने नाट्यगीत ऐकावे, भजन ऐकावे, फार तर जुनी हिंदी गाणी ऐकावीत. पण कान कोणाच्या सांगण्याने घडत नाहीत. १९५५ पासून ‘व्हॉईस ऑफ अमेरिका’वर विलिस कोनोव्हर यांचा जाझचा कार्यक्रम शॉर्टवेव्हवर लागायचा. त्यांचे इंग्रजी इतके सावकाश की शाळकरी मुलालाही शब्द सुटा सुटा कळावा. रेडिओची सुई बरोबर जागी आली की मुंबईच्या माणसाला जे ऐकू येई तेच रायपूरच्या माणसाला. तबकड्या मात्र मुंबई-कलकत्त्यात मिळत, आणि त्यांच्याविषयीची पुस्तके तिथेही मुश्किलीने.

रायपूरचा याहून जवळचा संबंध आहे तो रुळांचा. कलकत्त्याहून मुंबईला जायला दोन मोठे रेल्वेमार्ग. एक अलाहाबादवरून, दुसरा नागपूरवरून, आणि हा दुसरा थेट रायपूरच्या स्टेशनातून जातो. या मार्गाच्या एका टोकाला कलकत्त्याचे ग्रँड हॉटेल, दुसऱ्या टोकाला मुंबईचे ताज. हिंदुस्थानातला जाझ ज्या दोन शहरांत फुलला, त्यांच्यामधोमध हे गाव आहे.

१९३५ साली लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आले. त्यांच्या पाठोपाठ जे आले त्यांत टेडी वेदरफर्ड होते. हे पियानिस्ट १९०३ साली व्हर्जिनियात जन्मले. शिकागोत तरुणपणीच नाव झाले. अमेरिकेत राहिले असते तर कदाचित जाझच्या प्रत्येक इतिहासात त्यांच्यावर एक प्रकरण असते. पण १९२६ मध्ये ते बोटीत बसले, आशियात आले आणि शांघाय, मुंबई असे करत अखेर कलकत्त्यात स्थिरावले. महायुद्धाच्या काळात ग्रँड हॉटेलात त्यांचा बँड वाजत होता, तबकड्याही निघत होत्या. एप्रिल १९४५ मध्ये पटकीने त्यांचा कलकत्त्यातच अंत झाला. वय अवघे एकेचाळीस.

कलकत्त्यात वाजवलेल्या आणि इथल्याच कंपनीने विकलेल्या या माणसाच्या तबकड्यांची माहिती भारतात कुठे शोधायची? रस्ट यांच्या कोशाची सीमा १९४२ ला संपते. ती काही लहर म्हणून आखलेली नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला आणि अमेरिकेतले स्टुडिओ थंडावले. जाझच्या इतिहासाला तिथे नैसर्गिक खंड पडतो. पण तो खंड अमेरिकेचा. कलकत्त्यात मुद्रण चालूच होते. आणि वेदरफर्ड यांच्याविषयीचा मोलाचा लेख छापला कोणी, तर ‘स्टोरीव्हिल’ या इंग्लंडातल्या नियतकालिकाने, १९७० च्या दशकात. ते चालवत होते लॉरी राइट, आणि त्याचा भार संग्राहकांनीच वाहिला होता.

म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गाच्या टोकाला घडलेली गोष्ट वाचायला परदेशातल्या कोणाच्या तरी कपाटापर्यंत हात पोचवावा लागतो.

दुकानदार नव्हे, समानधर्मी

ही पुस्तके नव्याने फारशी छापली जात नाहीत. आवृत्त्या लहान, ग्राहक थोडे. ती मिळतात जुन्या संग्राहकाकडून. तो विकतो याला कारणेही ठरलेली. मोठे घर सोडून लहान घरात जायचे असते, डोळ्यांना बारीक टाइप दिसेनासा होतो, नाहीतर नवी आवृत्ती घेतल्याने जुनी दुहेरी झालेली असते. लॉर्ड यांचा कोश छापील खंडांतून संगणकावर गेला तेव्हा अनेकांना जाड खंड अडगळ वाटू लागले, आणि ज्याला ते परवडत नव्हते त्याचे नशीब उघडले.

दुकानदाराकडून घेतलेल्या आणि संग्राहकाकडून घेतलेल्या पुस्तकात फरक असतो. दुकानदार पेन्सिलच्या खुणा पाहून किंमत कमी करतो. संग्राहक म्हणतो, खुणा आहेत म्हणूनच घ्या. छापील पानावर ट्रम्पेटवादकाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह असते. ज्याच्याकडे पुस्तक तीस वर्षे होते त्याने समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलेले असते की, तबकडी स्वतः ऐकली, हा तो वादक नव्हे. ही दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आली तर आली, नाहीतर ती जगात त्या एकाच प्रतीत असते. प्रत रद्दीत गेली की दुरुस्तीही गेली.

त्यामुळे हा व्यवहार पत्राने सुरू होतो आणि पैसे चुकते झाले तरी संपत नाही. विकणारा विचारतो, तुमच्याकडे भारतीय छापाच्या तबकड्या आहेत का? लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक कळवाल का? या क्रमांकाला मेट्रिक्स क्रमांक म्हणतात. लेबल चुकीचे चिकटवता येते, हा क्रमांक मात्र तबकडीच्या अंगातच असतो. एकाच धूनचे दोनदा मुद्रण झाले असेल तर कोणते मुद्रण विक्रीला आले तेही त्यावरून उमजते. मॅंचेस्टरच्या माणसाला कलकत्त्याच्या तबकडीवरचा हा क्रमांक मिळवायला वर्षे लागतात. रायपूरच्या माणसाला नागपूरच्या किंवा कलकत्त्याच्या जुन्या बाजारात तीच तबकडी एखाद्या रविवारी सापडू शकते. असा एक क्रमांक पाठवला की टपालखर्चात सूट मिळाल्याचे नवल वाटायला नको.

पैसे पाठवण्याची पंचाईत

आज बँकेच्या कार्डाने काम भागते, म्हणून जुनी अडचण लक्षात येत नाही. १९७३ च्या परकीय चलन कायद्याच्या काळात पाच पौंड बाहेर पाठवणे हेसुद्धा घरच्या लग्नाइतके अर्जफाट्याचे काम होते. युनेस्कोने १९४८ पासून पुस्तकांसाठी कूपनांची योजना सुरू केली होती. रुपयांत कूपन घ्यायचे आणि ते परदेशी विक्रेत्याला पाठवायचे. पण घरातून जुनी पुस्तके विकणारा संग्राहक अशा कूपनांचे काय करणार? त्याला परवडे ती अदलाबदल. इकडून हिंदी चित्रपटांच्या तबकड्या, तिकडून पुस्तके. उत्तराच्या टपालासाठी पाकिटात एक आंतरराष्ट्रीय रिप्लाय कूपन घातले की सभ्यता पाळली गेली.

१९९९ चा नवा कायदा २००० सालच्या जूनपासून लागू झाला, २००४ पासून सामान्य माणसाला दरसाल ठराविक रक्कम बाहेर पाठवायची मुभा मिळाली, आणि अदलाबदलीची गरज उरली नाही. तबकड्या आणि पुस्तके यांचे ते साटेलोटे मात्र गेले, आणि जुन्या मंडळींना त्याची हळहळ वाटते.

नवी अडचण वजनाची. रस्ट यांचा कोश म्हणजे दोन जाड खंड. पुस्तकाची किंमत कमी आणि टपालखर्च तिच्या दुप्पट, हा अनुभव नेहमीचा. पूर्वी समुद्रमार्गे टपाल स्वस्त पडे, खोके कित्येक महिन्यांनी येई, पण येई. अमेरिकेच्या टपाल खात्याने २००७ साली परदेशी जाणारे समुद्रमार्गी टपाल बंदच केले. तेव्हापासून तिथून मागवायचे तर विमानाचे भाडे. २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्कही लावले. म्हणून शहाणा खरीदार किंमत विचारण्याआधी वजन विचारतो. आणखीही विचारतो. आवृत्ती कोणती? सगळे खंड आहेत ना? सूची कोणत्या खंडात आहे? सूचीचा खंड नसलेला कोश म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी. घर दमट होते का, बुरशीचा वास येतो का, हेही मोकळेपणी विचारावे. समानधर्मी माणूस त्याने रागावत नाही. रागावला तर पुस्तक न घेतलेलेच बरे.

एक गोष्ट मात्र घाईने करू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संस्थेने जुन्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांची माहिती इंटरनेटवर मोफत खुली केली आहे. जे तिथे फुकट मिळते त्यासाठी विमानाचे भाडे कशाला भरायचे? पैसे राखावेत ते समासातल्या पेन्सिलीसाठी.

उलट्या दिशेने आलेले पुस्तक

परदेशी संग्राहकाकडून भारताला काय मिळू शकते, याचे ठळक उदाहरण जाझचे नाही. मायकेल किनिअर हे ऑस्ट्रेलियातले गृहस्थ. त्यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या पहिल्यावहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची बनवली. १९९४ साली ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. भारतातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या लेबलांवरचे त्यांचे पुस्तक २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातूनच निघाले. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली, तिच्यामागेही त्यांची प्रेरणा होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे सुरेश चांदवणकर यांनी संस्थेचे चिटणीसपद सांभाळले आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक चालवले. आपल्या गायक-गायिकांच्या तबकड्यांची शिस्तशीर नोंद करायला ऑस्ट्रेलियातला माणूस पुढे आला, याची लाज वाटावी की आनंद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भारतीय जाझच्या वाट्याला असा किनिअर आलेला नाही. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ सालच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ने मुंबईच्या त्या दिवसांची कथा सांगितली, आणि चांगली सांगितली. पण कथा वेगळी, जंत्री वेगळी. गोव्यातल्या अल्दोना गावचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. चितळकरांच्या गाण्यांची यादी शेकडो मराठी माणसांकडे आहे. त्या गाण्यांत ट्रम्पेट कोणाचा, सॅक्सोफोन कोणाचा, हे गाण्यागणिक नोंदलेली वही शोधू गेल्यास हात रिकामाच परत येतो. ज्यांना ते ठाऊक होते त्यांतले बहुतेक आता नाहीत.

कपाटातला उन्हाळा

आलेली पुस्तके सांभाळणे हाही एक उद्योगच. रायपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे धावतो. जुन्या कागदी बांधणीचा डिंक सुकून कणा तडकतो आणि पाने सुटतात. पावसाळ्यात उलट, कसर लागते आणि भिंतीतून वाळवी येते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, खालचा कप्पा रिकामा ठेवावा, खंड आडवे रचू नयेत. लाखेच्या तबकड्या तर या उन्हात पापडासारख्या वाकतात, त्यांना घरातली सर्वांत थंड खोली द्यावी लागते. ती खोली बहुधा देवघराची किंवा सासूबाईंची निघते, आणि मग वाटाघाटी सुरू होतात.

त्याहून अवघड विषय घरात कोणी काढत नाही. परदेशातल्या त्या वृद्धाने जे केले ते इथल्याला कधी तरी करावे लागणारच. मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत, त्याला जाझ आवडत नाही, आणि रद्दीवाला किलोचा भाव सांगतो. म्हणून काही संग्राहक खंडाच्या पहिल्या पानावर तो कोणाकडून, किती साली आला आणि पुढे कोणाला द्यावा, हे स्वच्छ देवनागरीत लिहून ठेवतात. रायपूरपासून काही तासांच्या वाटेवर खैरागढला १९५६ पासून संगीताचे विद्यापीठ आहे. पं. श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. अशा ठिकाणी आपल्या हयातीतच पत्र लिहून ही पुस्तके घेणार का, ते विचारून ठेवलेले बरे.

तोवर कोश टेबलावर उघडा असतो. वेदरफर्ड यांच्या नावाखाली १९३७ मध्ये पॅरिसला मुद्रित केलेल्या धूनची नोंद आहे. शेजारच्या समासात आधीच्या मालकाने पेन्सिलने एवढेच लिहिले आहे: कलकत्ता, आणि पुढे क्रमांकासाठी जागा मोकळी सोडली आहे.